आई-बाबांचा पहिला स्मार्टफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुलं, सुना, जावई, नातवंडं आणि कधी कधी खुद्द आजी-आजोबा पाठवत असतात. बहुतेकांचा बेत ८ ते १५ हजारांचा असतो आणि फोन वापरणारी व्यक्ती पहिल्यांदाच टचस्क्रीन हातात घेणार असते. मॉडेलची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण ती काही महिन्यांत बदलतात. कोणताही फोन पारखायचा कसा आणि घरी आणल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचं, यावर भर आहे. माझ्या मते फोनच्या निवडीपेक्षा तो पहिला तास जास्त महत्त्वाचा.

१. बाबांचा बटणांचा फोन नीट चालतोय. स्मार्टफोन खरंच लागतो का?

आधी त्यांनाच विचारा. नातवाला बघत बोलायचं आहे, भजनी मंडळाच्या ग्रुपमध्ये यायचं आहे, कीर्तनं ऐकायची आहेत, असं एखादं कारण त्यांच्या तोंडून आलं तर फोन नक्की वापरला जातो. कारण फक्त तुमचंच असेल तर तो कपाटात पडून राहतो. नुसतं बोलण्यापुरतं हवं असेल तर फोरजी कीपॅड फोन पुरेसा आहे. जिओचं सिम घेणार असाल तर तो फोरजीच लागतो, कारण जिओच्या नेटवर्कवर जुना टूजी हँडसेट चालत नाही. कीपॅड फोनवरून पैसे पाठवण्यासाठी 'यूपीआय १२३पे' ही सोयही आहे.

२. किती पैसे घालावेत? सहा हजारांतही फोन मिळतो की.

मिळतो, पण तो पहिला फोन म्हणून देऊ नका. रॅम म्हणजे फोनची कामापुरती मेमरी; ती कमी असलेला फोन अडकत चालतो. आपण अशा वेळी फोनला दोष देतो. आई मात्र "माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं" असं समजून हात आखडता घेते. तिने एकदा धसका घेतला की पुन्हा फोन हातात द्यायला फार समजूत घालावी लागते. म्हणून वाचवलेले दोन-तीन हजार इथे महागात पडतात. नवा घेताना ४ जीबी रॅम ही खालची मर्यादा समजा, ६ जीबी असेल तर उत्तम. स्टोरेज १२८ जीबी असावं. ६४ जीबी का अपुरं पडतं ते प्रश्न १५ मध्ये आहे. पंधरा हजारांच्या वर जाण्याची गरज सहसा पडत नाही.

३. दुकानदार मेगापिक्सेल आणि प्रोसेसर सांगत बसतो. नेमकं काय बघू?

मेगापिक्सेलचा आकडा सोडून द्या. बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास असावी, चार्जिंगची पिन यूएसबी टाइप-सी असावी, म्हणजे ती उलटी-सुलटी कशीही बसते. बॉक्समध्ये चार्जर आहे का ते विचारा. काही कंपन्या आता देत नाहीत.

बाकीची परीक्षा हातानेच करायची. फोन आईच्या हातात द्या. एका हातात पेलवतो का? कडेचं बटण अंगठ्याला सापडतं का? तिथूनच तिला कॉल करा. रिंग दुकानाच्या गोंगाटात ऐकू येते का, आणि कॉल उचलायला काय करावं लागतं ते बघा. काही फोनवर हिरवं चिन्ह वर सरकवावं लागतं, काहींवर नुसतं दाबून भागतं. कीपॅडची सवय असलेल्यांना सरकवणं जमत नाही, त्यांचा कॉल वाजून वाजून बंद होतो. काही फोनमध्ये ही पद्धत सेटिंगमधून बदलता येते. ती सोय घेऊ पाहताय त्या फोनमध्ये आहे का, हे पैसे देण्याआधी उघडून बघा. मग दाराबाहेर उन्हात जाऊन स्क्रीन वाचता येते का तेही पाहा. शेतावर, ओट्यावर बसणाऱ्या माणसाला हे रोज लागतं.

४. फाइव्हजी हवाच का?

गावच्या घरात कोणत्या कंपनीची रेंज येते, हा प्रश्न आधी सोडवा. ओसरीवर येते आणि माजघरात जाते, असं असेल तर फाइव्हजी असूनही व्हिडिओ कॉल अडकणारच. व्हिडिओ कॉलला चांगलं फोरजी पुरतं. किमतीत हजारभराचाच फरक असेल तर फाइव्हजी घ्या, फोन जास्त वर्षं कामाला येईल. बीएसएनएलचं सिम असेल तर त्या गावात त्याचं फोरजी सुरू आहे का, आणि निवडलेल्या मॉडेलवर त्याचे कॉल लागतात का, हे ते सिम घालूनच तपासा.

५. कोणत्या कंपनीचा घ्यावा?

मी तीन गोष्टी बघतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला किंवा निदान जिल्ह्याच्या गावी आहे का? सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार? आणि घराजवळच्या मदत करणाऱ्या माणसाकडे कोणता फोन आहे? ही तिसरी गोष्ट बरेच जण विचारात घेत नाहीत. शेजारच्या पुतण्याकडे त्याच कंपनीचा फोन असेल तर तो बाबांची अडचण पटकन सोडवतो, कारण सगळी चिन्हं त्याच्या ओळखीची असतात. अपडेटच्या बाबतीत स्वस्त फोनमध्ये मोठी तफावत असते: कुठे दोन वर्षं, कुठे चार, कुठे सहाही. बँकेचं अ‍ॅप वापरायचं असेल तर हा आकडा कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा.

६. माझा जुना फोन आईला देऊ का?

सुरक्षा अपडेट अजून येत असतील, बॅटरी दिवसभर टिकत असेल आणि मागचं झाकण फुगलेलं नसेल तर जरूर द्या. फुगलेली बॅटरी असलेला फोन कोणालाच देऊ नका. बॅटरी नुसती थकली असेल तर अधिकृत केंद्रातून बदलून घ्या. आधी सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं गुगल खातं काढा आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातलं सगळं पुसून तो नव्यासारखा करा; खातं न काढता रीसेट केलात तर सुरू करताना तो तुमचाच पासवर्ड मागू शकतो. आणि तडा गेलेली काच बदलून द्या. आईच्या हातात पहिल्यांदा जाणारी वस्तू नीटनेटकी असावी.

७. ऑनलाइन स्वस्त मिळतोय. तिथूनच मागवू का?

फोन आई-बाबांनी आधी दुकानात हाताळला असेल तर मागवायला हरकत नाही. पण गावातल्या दुकानाचे दोनशे-पाचशे रुपये जास्त पडले तरी पुढे काच फुटली, आवाज गेला, की बाबा स्वतः चालत तिथे जाऊ शकतात. मी तरी त्याच बाजूने आहे.

कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असू द्या. *#०६# डायल केलं की हा १५ अंकी क्रमांक दिसतो. बॉक्स, बिल आणि फोन तिन्हींवर तो जुळला पाहिजे. सेकंडहँड घेत असाल तर इंग्रजीत KYM, मग मोकळी जागा आणि मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर उत्तरात कळतं.

८. जुन्या फोनमधलं सिम नव्यात बसत नाही. नवीन नंबर घेऊ का?

नंबर अजिबात बदलू नका. आधार, बँक, पेन्शन, गॅस, रेशन, लाडकी बहीण अशा सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नव्या फोनला नॅनो सिम लागतं. कंपनीच्या दालनात ज्याच्या नावावर सिम आहे त्याला आधार घेऊन न्या, त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं.

इथे एक गोष्ट अडवते. सिम बदलल्यावर २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठीच हा नियम केला आहे. त्यामुळे त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, ई-केवायसी यातलं काही ठरवू नका. कंपनी बदलायची असेल तर सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंगही होत नाही.

जुन्या फोनमधले नंबर सिमवर आहेत की फोनच्या मेमरीत, ते दालनात जाण्याआधी बघा. जुन्या सिमवरचे नंबर नव्या सिमवर आपोआप येत नाहीत. वहीत लिहिलेले नंबर असतील तर त्या वहीवरून एकेक नंबर आईसोबत बसून भरा. नावं तिच्या पद्धतीनेच टाका: "दूधवाला", "बकूमावशी", "डॉक्टर रक्तवाले".

९. फोन घरी आला. पहिल्या तासात काय करू?

सगळ्यात आधी खालची तीन बटणं सुरू करा. आजचे बहुतेक फोन कडेवरून बोट सरकवून मागे जायला लावतात, आणि नवख्या माणसाला ते दिसतच नाही. तीन बटणं दिसली की "अडकलात तर मधलं बटण दाबा" एवढं एकच वाक्य शिकवून भागतं.

मग 'टच अँड होल्ड डिले' शोधा, तो अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये असतो. वयस्कर माणसं कीपॅडच्या सवयीने बोट जोरात आणि जास्त वेळ टेकवतात. फोनला वाटतं दाबून धरलं; मग चिन्हं हलतात, पुसली जातात, भलतेच पर्याय उघडतात. ही वेळ 'लाँग' केली की निम्म्या तक्रारी थांबतात. माझ्या अनुभवात एवढी उपयोगी आणि इतकी दुर्लक्षित सेटिंग दुसरी नाही.

स्क्रीन विझण्याची वेळ तीस सेकंदांवरून किमान दोन मिनिटांवर न्या. स्क्रीन आपोआप आडवी होणं बंद करा. अक्षरं मोठी करा, पण शेवटच्या टोकाच्या एक पायरी अलीकडे थांबा. टोकाला गेलं की बँकेच्या अ‍ॅपमधलं 'पुढे' बटण स्क्रीनखाली दडतं. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या बातम्या-जाहिराती, ब्राउझरच्या सूचना, आधीपासून टाकलेले गेम काढून टाका. होम स्क्रीनवर पाच-सहा चिन्हं ठेवा आणि ती कायम त्याच जागी राहू द्या. सॅमसंगमध्ये 'ईझी मोड', शाओमीत 'लाइट मोड', ओप्पो-रिअलमीत 'सिंपल मोड' मिळतो; आधी तो लावून बघा, जमला तर बरंच काम वाचतं.

हे सगळं त्यांच्या शेजारी बसून करा. फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेलात तर तो त्यांना तुमचाच वाटत राहील.

१०. भाषा मराठी ठेवू की इंग्रजी?

ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मराठीच, यात प्रश्नच नाही. मराठी सेटिंगमधले काही शब्द बोजड आहेत आणि मदत करणाऱ्या पुतण्याला ते सापडत नाहीत, ही अडचण खरी आहे. अँड्रॉइड १३ पासून बऱ्याच अ‍ॅपची भाषा वेगवेगळी ठेवता येते. व्हॉट्सअ‍ॅप मराठीत आणि बाकी फोन इंग्रजीत, असंही चालतं. टायपिंगसाठी जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी घालून माइकचं चिन्ह दाखवा. बोललं की अक्षरं उमटतात हे पाहिल्यावर अनेकांची भीती तिथेच जाते.

११. बाबांचे ठसे लागत नाहीत, आणि स्क्रीनही बोटाला दाद देत नाही.

शेतात, बांधकामावर किंवा भांडी-धुण्यात आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात. रेशनच्या मशीनवर येणारी अडचण फोनवरही येते. एकाच बोटाचा ठसा दोन-तीनदा नोंदवा, अंगठ्याऐवजी करंगळीशेजारचं बोट वापरून बघा. नाहीच जमलं तर चार किंवा सहा अंकी पिन ठेवा. जन्मसाल ठेवू नका, पण त्यांना सहज आठवेल असा आकडा त्यांनाच निवडू द्या. लॉक नसलेला फोन मात्र देऊ नका.

स्क्रीन दाद देत नसेल तर कारण बहुधा कोरडी त्वचा किंवा जाड स्क्रीनगार्ड असतं. बोट किंचित ओलसर करून बघा, स्वस्त जाड काच काढून टाका. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, ती सुरू करा.

१२. आईला मोतीबिंदू आहे आणि ऐकूही कमी येतं. तरी स्मार्टफोन चालेल?

चालेल, आणि कीपॅड फोनपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मोतीबिंदूत पांढऱ्या स्क्रीनची तिरीप त्रास देते. डार्क मोड (काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं) लावून बघा, काहींना बरं वाटतं, काहींना अक्षरं पुसट दिसतात. शस्त्रक्रियेनंतर चष्मा बदलला की ही सेटिंग पुन्हा बघा. एकाच कानाने ऐकू येत असेल तर 'मोनो ऑडिओ' सुरू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो. गुगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' समोरच्याचं मराठी बोलणं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतं. श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर ते सोबत नेऊन दुकानातच जोडून बघा. सगळे फोन सगळ्या यंत्रांशी जुळत नाहीत.

१३. गुगल खातं माझंच टाकू का? सोपं पडेल.

आज सोपं पडेल, पुढे अवघड. तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, मेल सगळं आईच्या फोनवर दिसायला लागेल, आणि तिचे फोटो तुमच्याकडे येतील. तिच्या नावाचं वेगळं खातं काढा, रिकव्हरीसाठी तुमचा नंबर आणि ईमेल द्या. पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा. फोन तिचा आहे, तर खातंही तिचंच हवं.

१४. यूपीआय सुरू करून द्यावं का? भीती वाटते.

त्यांना हवं असेल तर द्या, पण रचना विचारपूर्वक करा. पेन्शनचं किंवा ठेवींचं खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं साधं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या किराण्यापुरते पैसे ठेवा आणि फक्त तेच जोडा. डेबिट कार्ड नसलं तरी बऱ्याच बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन तयार करता येतो.

'यूपीआय सर्कल' हा आणखी एक मार्ग आहे. यात पैसे तुमच्या खात्यातून जातात आणि आईने क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मंजुरी तुम्ही देता. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५ हजारांपर्यंत ती तुम्हाला न विचारता खर्च करू शकते.

एक वाक्य मात्र पाठच करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगत असेल तर तो पैसे काढून घेतोय. फसवणुकीचे बाकीचे प्रकार प्रश्न १७ मध्ये.

१५. चार महिन्यांत स्टोरेज भरलं. फोन खराब आहे का?

फोन चांगला आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली सुप्रभातची चित्रं आणि व्हिडिओ आपोआप उतरत राहतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मीडियाचं ऑटो डाउनलोड बंद करा आणि अधूनमधून 'स्टोरेज' विभागातून मोठे व्हिडिओ पुसा. पुसण्याआधी विचारा, एखाद्या चित्राखाली गेलेल्या मैत्रिणीचा शेवटचा निरोप असू शकतो.

१६. फोनवर आई-बाबांची कोणती सरकारी कामं होतात?

पेन्शनवाल्यांचं मोठं काम म्हणजे दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेसआरडी' ही दोन अ‍ॅप वापरून चेहरा दाखवून तो घरबसल्या देता येतो, पेन्शन देणारी संस्था तो स्वीकारत असेल तर. त्यासाठी निदान ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि बेताचं नसलेलं रॅम लागतं. प्रश्न २ मधल्या शिफारशीचं हेही एक कारण. मुलगा आपल्या फोनवरूनही वडिलांचा दाखला देऊ शकतो, त्यामुळे नुसतं याच कामासाठी नवा फोन घ्यायची गरज नाही. डिजिलॉकरमध्ये आधार ठेवलं तर एसटीत ज्येष्ठांच्या सवलतीसाठी दाखवता येतं: ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत. तरीही छापील आधार पिशवीत असू द्या, बॅटरी कुठेही संपते.

१७. फसवणुकीपासून कसं वाचवू?

घाबरवून सोडू नका, नाहीतर ते तुमचाही फोन उचलणार नाहीत. तीन प्रकार नीट समजावून सांगा.

पहिला, पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अरेस्ट" केल्याचं सांगणारे. भारतीय कायद्यात असा काही प्रकारच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. ही माणसं "घरात कोणाला सांगू नका" असं बजावतात, म्हणून हे वाक्य ऐकलं की लगेच घरी सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

दुसरा, लग्नपत्रिका, वाहनाचं चलान किंवा सरकारी योजना या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी फाइल. नावाच्या शेवटी 'एपीके' (apk) असेल तर ती पत्रिका नसून अ‍ॅप आहे, आणि ते ओटीपी वाचून खातं रिकामं करतं. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडायची नाही, कारण त्याचा फोनही ताब्यात गेलेला असू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल अ‍ॅपला बाहेरचं अ‍ॅप टाकण्याची परवानगी बंद करा.

तिसरा, "वीज आज रात्री तोडणार" किंवा "केवायसी संपलं" सांगून स्क्रीन शेअर करायला किंवा एखादा कोड डायल करायला लावणारे. असा कोड चुकून डायल झाला असेल तर ##००२# डायल करा. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते रद्द होतात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप पिन लावा, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनाच घालता येईल असं करा, अनोळखी कॉल म्यूट ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. हा नंबर कॉन्टॅक्टमध्ये घाला आणि कॅलेंडरशेजारी भिंतीवरही लिहा. आणि झालं तर आई-बाबांना रागावू नका. ओरडा बसेल या भीतीनेच माणसं दोन दिवस गप्प बसतात, तोवर पैसे पुढे निघून जातात.

१८. मी बाहेरगावी असतो. दुरून मदत कशी करू?

व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येते. तुम्ही बघून "आता डावीकडचं हिरवं दाबा" असं सांगू शकता. यात धोका असा की फसवणारेही हेच करायला लावतात. म्हणून घरचा नियम ठेवा: स्क्रीन दाखवायची ती फक्त आईने स्वतः तुमचा नंबर लावला असेल तेव्हाच. रिमोट कंट्रोलची अ‍ॅप त्यांच्या फोनवर ठेवूच नका.

१९. दोघांत एकच फोन चालेल का?

ड्युअल सिममध्ये दोघांचे नंबर राहतात आणि अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खातीही चालतात. तरी माझा सल्ला वेगळ्या फोनचा. एकच फोन असला की तो बाबांच्या खिशात जातो आणि आईला माहेरी बोलायलाही मागून घ्यावा लागतो. पैसे बेताचे असतील तर प्रश्न ६ प्रमाणे एक जुना, एक नवा असं करा.

२०. बाबांना पेसमेकर आहे.

फोन वापरता येतो. पेसमेकरपासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा, म्हणजे शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको, आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. चुंबक असलेलं फ्लिप कव्हर टाळा. बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

२१. आई हल्ली विसरते. तिला फोन द्यावा का?

द्या, पण यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप त्यात ठेवू नका. होम स्क्रीनवर तीन-चार जणांचे फोटो ठेवा, फोटो दाबला की थेट कॉल लागेल असे. लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहितीत तुमचा नंबर आणि तिची औषधं लिहा. फोन सापडलेल्या माणसाला ती लॉक न उघडता दिसते. लोकेशन शेअर सुरू करायचं असेल तर तिला सांगून करा. फोनची मांडणी मात्र पुन्हा बदलू नका, अपडेटने बदलली तर पूर्ववत करून द्या.

२२. फोन हरवला तर?

आधी दुसऱ्या फोनवरून रिंग द्या, बहुतेक वेळा तो देवघरात किंवा उशीखाली सापडतो. खरंच गेला असेल तर सिम बंद करायला सांगा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा आणि पोलिसांत तक्रार द्या. त्याच नंबरचं नवं सिम घेतलं की तक्रारीची प्रत आणि बिल घेऊन सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. मग तो हँडसेट देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. इथला ओटीपी नव्या सिमवर येतो, म्हणून प्रश्न ८ मधले २४ तास धरून चाला. फोन परत मिळाला तर त्याच पोर्टलवरून तो पुन्हा सुरू करून घेता येतो.